ठिणगी जरा पुढे

परवा नात शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, "आजी, पेपर की डेट आगे हो गयी."

मी विचारलं, "आगे म्हणजे कुठल्या बाजूला? आधी की नंतर?"

ती हसत सुटली. "आजी, आगे मतलब आगे! बाद में!" आणि आईला सांगायला आत पळाली. तिचं काही चुकलं नाही. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या या घरात माझ्याशिवाय कोणाला हा प्रश्न पडत नाही. ज्यांना पडला असता ते केव्हाच गेले. पण मला त्या शब्दाचा अजून राग येतो. एखाद्या माणसाचा यावा तसा येतो, आणि वय झालं म्हणून कमीही होत नाही.

लग्न होऊन मी माधवगंजातल्या एका गल्लीतून त्याच माधवगंजातल्या दुसऱ्या गल्लीत आले. सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या फौजेत. आजेसासरे घोडदळात, सासरे पायदळात, आणि हे, म्हणजे माझे यजमान, संस्थानच्या फौजेतल्या मोटारींच्या तुकडीत हवालदार. आम्ही बायका नवऱ्याचं नाव घेत नसू, तेव्हा त्यांचं नाव इथेही येणार नाही. गल्लीत सगळे त्यांना हवालदारच म्हणत.

संस्थान विलीन झालं, फौज मोठ्या फौजेत जायला निघाली, आणि जाताना चाळणी लागली. काहीजण घेतले, काहीजण घरी पाठवले. यांना घरी पाठवलं. उंचीत बसले, वयात बसले, मग कशात बसले नाहीत ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. सासूबाईंना दमा होता. त्या धापा टाकत संध्याकाळपर्यंत देवघरासमोर बसून राहिल्या.

त्याच सुमाराला एका सरदारांच्या घरचा मोटारखाना रिकामा होत होता. तिथली एक काळी, चौकोनी नाकाची विलायती गाडी यांनी घेतली आणि टॅक्सी सुरू केली. लष्कर भागातले अधिकारी आणि हेडक्लार्क सकाळी मोतीमहालातल्या कचेऱ्यांत सोडायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. ग्वाल्हेर तेव्हा मध्यभारताची राजधानी होती, निदान अर्धं वर्ष तरी. उरलेलं अर्धं वर्ष इंदूर. साहेब लोक इंदूरला गेले की आमचे उन्हाळे कोरडे जायचे, पण थंडीत ते परत येणार हे ठरलेलं असायचं. माणूस तेवढ्यावर जगतो.

मग बातमी आली की आता सगळी राज्यं मिळून एकच होणार आणि राजधानी भोपाळला जाणार. कोणी मिठाई वाटली, कोणी सभा भरवल्या. आमच्यापुरता अर्थ एवढाच होता की सकाळी गाडीत बसायला माणसं उरणार नव्हती. एकेक कुटुंब निघालं. त्यांना सामानासकट स्टेशनवर सोडायला आमचीच गाडी. ट्रंका चढवून, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवून हे परत यायचे, तेव्हा आणखी एक गिऱ्हाईक कायमचं कमी झालेलं असायचं. मी एकदा म्हणाले, "तुम्ही आपल्याच हाताने आपलं दुकान खाली करताय." ते म्हणाले, "मग काय चालत जायला सांगू त्यांना?"

माणसं त्यांच्या हातात नव्हती. पेट्रोल मात्र होतं. म्हणून त्यांनी पेट्रोलचा ध्यास घेतला. रविवारी सकाळी गल्लीत गाडीचं बॉनेट उघडायचं आणि मला हाक मारायची. या कामाला दोन माणसं लागतात आणि घरात दुसरं माणूस मीच होते.

काम काय, तर ठिणगीची वेळ लावायची. यांनी मला ते झोपाळ्यावरून समजावलं होतं. झोका मागे येऊन वळतो त्या क्षणी ढकललं तर थोड्या जोरात खूप लांब जातो. आधी ढकललं तर हाताला हिसका बसतो, उशिरा ढकललं तर जोर फुकट जातो. इंजिनातही पिस्टन वर येतो, ठिणगी पडते, पेट्रोलचा भडका त्याला खाली लोटतो. भडका पसरायला निमिषभर लागतं, म्हणून ठिणगी पिस्टन टोकाला पोचायच्या किंचित अगोदर पडायला हवी. फार अगोदर पडली तर इंजिनात टकटक वाजतं. त्याला हे ठोका म्हणत. उशिरा पडली तर गाडी तापते, चढावर मरगळते आणि पेट्रोल पीत सुटते.

ठिणगी वाटून देणारा एक गोल डबा असतो. त्याचा नट सैल करून मी तो दोन्ही हातांनी धरायचा, आणि त्याला जोडलेल्या एवढ्याशा बल्बाकडे बघत राहायचं. हे पुढे उकिडवे बसून हँडलने इंजिन हळूहळू फिरवायचे आणि चाकावरची खूण जुळवायचे. बल्ब पेटला की मी ओरडायचं, "लागला!" मग डबा केसभर इकडे नाहीतर केसभर तिकडे. गल्लीतल्या बायका खिडकीतून बघायच्या. हवालदारीणबाई आता मिस्त्रीण झाल्या म्हणायच्या. म्हणेनात का.

पहिल्याच रविवारी हे म्हणाले, "जरा पुढे घे." मी डबा फिरवला. गाडी चालू केली तर ती खोकायला लागली.

"अगं, पुढे म्हटलं ना मी!"

"पुढेच घेतलं! पुढे म्हणजे नंतर. पुढच्या महिन्यात म्हणतो तसं. लग्न पुढे ढकललं म्हणतो तसं."

हे मनापासून हसले. चाळणीनंतर इतके हसलेले मी पाहिले नव्हते. म्हणाले, "कचेरीतल्या लोकांचं पुढे ते. फौजेत पुढे म्हणजे आधी. हुकूम आला, आगे बढ़, की जो पुढे जातो तो आधी पोचतो. आमच्या उस्तादाने शिकवलं तेच. ठिणगी आगे करो म्हणजे लवकर पाडा." मी म्हणाले, "बरं बाई, तुमच्या फौजेचं पुढे." तेव्हापासून आमच्या घरात पुढे म्हणजे आधी झालं. मला त्यात काही वावगं वाटेनासं झालं. देवळात कोणी कथा पुढे ढकलली म्हटलं की उलट मलाच क्षणभर अडखळायला व्हायचं.

वेळ लावून झाली की आम्ही उरवाईच्या चढावर जायचो, किल्ल्याच्या पोटातून वर जाणाऱ्या रस्त्याला. टॉप गिअरमध्ये चढ घ्यायचा आणि कान द्यायचा. गुलाबपाण्याची एक रिकामी बाटली यांनी नळी लावून बॉनेटला टांगली होती, तेवढ्या पेट्रोलात गाडी कुठवर जाते ते बघायला. ठोका आता येईल, आता येईल, अशा बेतावर ठिणगी ठेवली की गाडी सगळ्यात कमी पिते, असं त्यांचं म्हणणं. जास्त पुढे नाही, मागे तर नाहीच. अगदी काठावर. एकदा बाटली मुरारच्या रस्त्याला फार लांबवर पुरली. हे गाडीतून उतरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, आणि मला वाटलं आता मला उचलूनच घेतात की काय. पण गाडी थोडक्यात खूप जायला लागली होती, आणि जायला कुठे नव्हतं.

रोजच्या गिऱ्हाइकांत एक साहेब होते. जुन्या दरबारी कारभाऱ्यांच्या घरातले, शुद्ध मराठी बोलणारे, गाडीत बसण्याआधी चपलांची माती झटकणारे. यांच्यावर त्यांचा जीव होता. कचेरी भोपाळला हलायच्या तयारीला लागली तेव्हा त्यांनी यांच्यासाठी तिथल्या सरकारी गाडीवर ड्रायव्हरची जागा मिळवली. हजर व्हायची तारीख दसरा होऊन गेल्यावर, दिवाळीच्या थोडी अलीकडे. नवं राज्य दिवाळीच्या तोंडावरच सुरू व्हायचं होतं.

नोकरी! मी त्या दिवशी सासूबाईंच्या औषधात साखर घालून बसले, इतकं माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वर्दी, महिन्याचा पगार, आणि मुख्य म्हणजे क्वार्टर. मी भोपाळ पाहिलंही नव्हतं, पण त्या क्वार्टरच्या भिंतीला खुंट्या कुठे ठोकायच्या ते ठरवून ठेवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "माझा मुलगा जिथे, तिथे मी. फक्त डोक्यावर छप्पर असू द्या. मला तंबूत मारू नका."

तंबूचं त्यांनी ऐकलं होतं ते खोटं नव्हतं. भोपाळला जागा पुरत नव्हत्या. मोतीमहालाच्या पोर्चमध्ये ड्रायव्हर मंडळी म्हणत होती की जो आधी हजर होईल त्याला क्वार्टर, उशिरा जाईल त्याला तंबू नाहीतर कोणाच्या घरातली पडवी. हे ऐकून यांनी ठरवलं की साहेबांना सांगून तारीख अलीकडे आणायची. लवकर जायचं, क्वार्टर पकडायचं, आणि सासूबाईंना थेट छपराखाली न्यायचं.

साहेब दुसऱ्या दिवशी भोपाळला निघणार होते. आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. मी त्यांच्या घरच्यांसाठी अनारसे नेले होते. व्हरांड्यात ट्रंका बांधून ठेवलेल्या, फायलींचे गठ्ठे, हमालांची आरडाओरड. साहेब घाईत होते. हे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, एक अर्ज होता. हजर व्हायची तारीख जरा पुढे घ्या. घरी आई आहे, तिचा दमा आपल्याला माहीत आहे."

साहेबांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. "समजलो, हवालदार. काही बोलू नका. पुढे घेतो. काळजी सोडा."

आम्ही घरी आलो ते हवेत तरंगतच. व्हरांड्यात मी यांच्या शेजारीच उभी होते. शब्द ऐकला, आणि आमच्या घरात त्याचा जो अर्थ होता तोच अर्थ मलाही लागला. समोरचा माणूस पिढ्यान्‌पिढ्यांचा कचेरीतला आहे, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

त्याच आठवड्यात गाडी विकली. घेणारा मुरारचा एक वाहतुकीचा धंदेवाला. द्यायच्या आदल्या रविवारी यांनी पुन्हा बॉनेट उघडलं. मी म्हणाले, "आता कशाला? त्याचं तो बघेल." ते म्हणाले, "मुलगी सासरी पाठवताना वेणी घालूनच पाठवतात." ठिणगी इतकी नेमकी लागली की उरवाईच्या चढावर शेवटच्या वळणाला एकच टक आली, पुसट, आणि विरून गेली. हे माझ्याकडे बघून हसले.

मग वाट पाहणं. रोज वाटायचं, आज नवा हुकूम येईल, उद्या निघा म्हणून. ट्रंका बांधलेल्या. भांडी पोत्यात, त्यामुळे मी एकाच पातेल्यात डाळ, त्यातच भाजी, त्यातच चहा करत होते. हुकूम आला तो दिवाळीनंतरच्या तारखेचा. आधी दिली होती त्याहूनही नंतरची. हे म्हणाले, "कचेऱ्या हलताहेत, गोंधळ झाला असेल. एवढी घाई साहेबांना जमली नसेल. हरकत नाही. दिवाळी घरी होईल." तंबू तर तंबू, थंडीपुरतं आईला इथेच ठेवू, असंही म्हणाले. त्यांनी वाईट मानलं नाही, आणि मीही नाही. दिवाळीला मी पोत्यातून कढई काढून शंकरपाळे तळले.

दिवाळीनंतर हे भोपाळला गेले. जाताना फौजेतला कोट घातला होता, त्याची बटणं मी चिंचेने घासून दिली होती. काही दिवसांनी, भर दुपारी, ट्रंकेसकट परत आले. ट्रंक दारात ठेवली आणि तिच्यावरच बसले. सासूबाई आतून विचारत होत्या, "कोण आलं? कोण आलं गं?" 

नवं राज्य सुरू व्हायच्या दिवसापर्यंत जे हजर झाले ते जुने नोकर म्हणून धरले गेले. जिथे माणूस हजर झाला नव्हता त्या जागा गोठवल्या. चार ठिकाणची माणसं एकत्र आलेली, तीच जास्त होत होती, आणखी कोणाला घेणार. यांनी तिथल्या कारकुनाला सांगितलं की मी तर लवकर यायला तयार होतो. कारकुनाने यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं आणि म्हणाला, "हवालदार साहब, पहले वाली तारीख पर आ जाते तो आज नौकर होते. आपने ख़ुद ही तो तारीख आगे बढ़वाई थी."

आगे बढ़वाई थी. हे वाक्य त्यांनी मला तीनचारदा म्हणून दाखवलं. रागाने नाही. धडा पाठ म्हणावा तसं. "आगे बढ़, अगं. आगे बढ़ म्हणजे..." असं म्हणायचे आणि थांबायचे. मला सगळं समजलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. साहेबांना शिव्या दिल्या, राज्य जोडणाऱ्यांना दिल्या, आणि त्या उस्तादालाही दिल्या ज्याने यांना तो शब्द शिकवला. साहेब तेव्हा भोपाळलाच होते. हे त्यांना भेटले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "काय सांगू? माझं मराठी चुकलं म्हणून?"

पोट भरायला हवं होतंच. मुरारच्या त्या धंदेवाल्याला ड्रायव्हर हवा होता, आणि त्याच्याकडे गाडी होती ती आमचीच. हे तीच गाडी चालवायला लागले, दुसऱ्याच्या पगारावर. दुपारी जेवायला घरी यायचे तेव्हा ती गल्लीत तिच्या नेहमीच्या जागी उभी राहायची. 

बॉनेट त्यांनी पुन्हा उघडलं ते फक्त पाणी आणि ऑइल बघायला. वर्षं गेली, गाडी झिजली, पेट्रोलही धड मिळेना, आणि तिला ठोका लागला. चढावर नव्हे, सपाट गल्लीतसुद्धा. कोपऱ्यावरून गाडी वळली की मला घरात ऐकू यायची, टकटक टकटक. हा तोच माणूस, ज्याला दुसऱ्याच्या गाडीचा ठोका ऐकवत नसे, जो रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवून सांगायचा. मी म्हणायचे, "अहो, ठोका येतोय." ते म्हणायचे, "येऊ दे." आणि हात धुवायला जायचे.

सासूबाई गेल्या त्या हिवाळ्यात साहेब कुठल्याशा लग्नासाठी ग्वाल्हेरला आले होते. बातमी ऐकून भेटायला घरी आले. चपलांची माती झटकून आत आले, खाली सतरंजीवर बसले. माणूस चांगला, डोळ्यांत पाणी होतं. चहा घेताना म्हणाले, "वहिनी, मला एवढंच समाधान आहे. हवालदार त्या दिवशी तारीख पुढे घ्या म्हणाले, मी एका शब्दाने कारण विचारलं नाही. म्हटलं आई दम्याने बेजार, दिवाळी तोंडावर, चार दिवस मुलाजवळ मिळू देत माउलीला. तिथल्या लोकांशी भांडून ढकलली पुढे. नंतर जागा गोठल्या त्याला कोण काय करणार. पण ती दिवाळी तरी तुमची एकत्र झाली."

मी हातातली बशी खाली ठेवली. सगळं ओठांपर्यंत आलं होतं. यांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच, आणि साहेबांना म्हणाले, "आपले उपकार आहेत, साहेब."

साहेबांना त्याच गाडीतून लग्नघरी सोडून हे जेवायला परत आले. मी दारातच धरलं. "का नाही सांगितलंत? इतकी वर्षं तो माणूस पुण्य केल्यासारखा फिरतोय!"

"केलंच त्याने. भांडला आपल्यासाठी." ते ओट्यावर बसले. "आता त्याच्या गळ्यात हे कशाला बांधू? एकाच्या गळ्यात आहे तेवढं पुरे."

मला त्यांच्या चांगुलपणाचा इतका संताप आला की मी आत गेले, खिडकीखालच्या डब्यातून पाना आणि तो बल्ब काढला, आणि गल्लीत जाऊन बॉनेट उघडलं. ते म्हणाले, "अगं, गाडी आपली नाही." मी म्हणाले, "ठोका मला ऐकू येतो." नट गंजला होता. माझ्या बोटांची सालं निघाली, पण तो सुटला. ठिणगीचा डबा दोन्ही हातांत धरला. कुठल्या बाजूला फिरवायचा ते मला माहीत होतं. ठोका लागला की मागे, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. पुढे म्हणा, मागे म्हणा, वाटल्यास माझ्यावर ओरडून म्हणा, पण म्हणा.

"कुठल्या बाजूला घेऊ?" मी विचारलं.

त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतील. मग त्यांनी ते मिटलं, ओट्यावरून हात उचलला, आणि मुक्या माणसाने दाखवावं तसं बोटाने दाखवलं.